विनंती विशेष



वाचक माउलीहो, आपल्यापैकी ज्यांचे वय साठीच्या पुढे गेले आहे, त्यांना वाडवडिलांची पत्रे आठवत असतील. पोस्टकार्डाच्या माथ्यावर ‘श्री’, एका अंगाला गाव आणि मिती, मग नात्याप्रमाणे मायना, आणि त्यापुढे ठरलेली अक्षरे: ‘सा. न. वि. वि.’ म्हणजे साष्टांग नमस्कार, विनंती विशेष. ही अक्षरे साऱ्या महाराष्ट्राची सारखीच. त्यांत लिहिणाराचे स्वतःचे असे काही नसे, आणि वाचणाराही तशी अपेक्षा करीत नसे. पण त्यांतला शेवटचा शब्द पाहा. ‘विशेष’! रीतीचे जे होते ते येथे संपले. आता तुम्हालाच म्हणून जे सांगावयाचे, ते पुढे आहे. म्हैस व्याली, धाकटीला ताप येऊन गेला, विहिरीला पाणी लागले, आषाढीला पायी येतो, तुमची फार आठवण येते. जुन्या लोकांनी रीत चार अक्षरांत बसविली आणि उरलेले सारे कार्ड विशेषासाठी मोकळे ठेवले. केवढे हे शहाणपण!

आज या ‘विशेषा’विषयीच चार शब्द बोलावयाचे आहेत. निमित्त एका यंत्राचे आहे, आणि आमच्या हातून घडलेल्या एका चुकीचे.

यंत्र कोणते, ते आता खेड्यापाड्यांतल्या पोरांनाही ठाऊक आहे. २०२२ सालच्या नोव्हेंबरात ‘चॅट-जीपीटी’ नावाचे साधन लोकांपुढे आले. मागोमाग ‘जेमिनी’ आणि तशीच आणखीही आली. यांना कृत्रिम बुद्धिमत्ता म्हणतात. मोबाईलवर त्याला सांगावे की, अमक्याला वाढदिवसाचे पत्र लिही, तमक्याची क्षमा माग, अमक्याच्या घरी दुःख झाले आहे, सांत्वन कर. डोळ्याचे पाते लवते न लवते तोच मजकूर तयार! शुद्ध, गोड, कोठे खाडाखोड नाही. मग तो जसाच्या तसा उचलून पाठवून द्यावयाचा. पलीकडचा वाचतो आणि म्हणतो, वा, काय लिहिले आहे!

हे काम चालते कसे, तेही थोडे समजून घेतले पाहिजे. न समजता निंदा करणे हे वारकऱ्याला शोभत नाही. माणसांनी आजवर लिहिलेला अफाट मजकूर या यंत्राच्या नजरेखालून घातलेला असतो. त्यावरून कोणत्या शब्दापाठी कोणता शब्द बहुधा येतो, याचा हिशेब ते बांधते. आपण सांगितले की त्या हिशेबाने एकेक शब्द पुढे मांडीत जाते. म्हणजे अशा प्रसंगी लोक बहुधा जे म्हणतात, ते ते आपल्याला देते. त्याच्या नजरेखालून गेलेल्या मजकुरात इंग्रजी पुष्कळ आणि आपली मराठी त्या मानाने थोडी. म्हणून कधी कधी त्याच्या मराठीला परका वास येतो. बापाला ‘तीर्थरूप’ म्हणण्याऐवजी ‘प्रिय वडील’ म्हणेल. कोणी वारले तर ‘तुमच्या नुकसानीबद्दल ऐकून वाईट वाटले’ असे लिहील, जणू माणूस गेला नाही, गारपिटीने पीक झोपले! पण हा दोष दिवसेंदिवस कमी होत चालला आहे, आणि त्याच्यावर आम्ही आज बोट ठेवीत नाही. भाषा सुधारली म्हणजे सारे सुधारले असे आम्हांलाही वाटले होते. तेथेच आमची फसगत झाली.

घडले ते सांगतो. आमच्या दिंडीत एक गृहस्थ बावीस वर्षे पायी चालत होते. नाव सांगण्याचे कारण नाही. गळा नाही, पाठांतर नाही. हरिपाठाला उभे राहत, पण ओठ हलत नसत. त्यांची सेवा निराळी. मुक्कामाला पोचल्याबरोबर राहुट्यांच्या मेखा ठोकावयाच्या, आणि रात्री कंदिलाशी बसून टाळांच्या झिजलेल्या दोऱ्या काढून नव्या ओवावयाच्या. कोणाच्या टाळाची दोरी कधी तुटेल, हे त्यांना त्या टाळकऱ्याच्या आधी कळे. एका कार्तिकीनंतर ते देवाघरी गेल्याचे कळले. त्या दिवसांत आमचे सप्ताह चालू होते. आज या गावी, उद्या त्या गावी. पत्र तर पाठविले पाहिजे. बरोबरच्या मुलाने मोबाईल काढला आणि म्हणाला, “महाराज, सांगा, आत्ता होईल.” आम्ही सांगितले: आमच्या दिंडीतले बावीस वर्षांचे वारकरी वारले, त्यांच्या पत्नीस सांत्वनाचे पत्र लिही. झाले! पत्र आले. त्यात एक ‘नुकसान’ होते, ते आम्ही काढले. दोन वाक्ये आपल्या वळणाची केली. मुलाने छापून आणले, आम्ही खाली सही केली, पाकिटावर त्या बाईंचे नाव घातले, आणि कर्तव्य केल्याच्या समाधानात पुढच्या गावी कीर्तनाला उभे राहिलो. खोटे कशाला सांगावे? त्या रात्रीचा विषय ‘संतांची करुणा’ हा होता.

पुढे आषाढी आली. मालकांची वारी चुकू नये म्हणून त्या बाई स्वतः दिंडीत चालू लागल्या. लोणंदच्या मुक्कामी, हरिपाठ झाल्यावर, त्या आमच्याकडे आल्या. पिशवीतून हरिपाठाची पोथी काढली आणि पोथीतून घडी केलेला तो कागद.

“महाराज, ही चिठ्ठी माज्याकडं चुकून आली बघा. हिच्यात लिवलंय, त्यांच्या गोड गळ्यातले अभंग आमच्या कानात कायम राहतील. आमच्या मालकांनी जन्मात कधी अभंग म्हटला न्हाई, तुमाला ठावं हाय. म्हनलं, दुसऱ्या कुन्या माउलीची असंल. पाकिटांची अदलाबदल झाली असंल. ती बिचारी वाट बघत असंल, म्हनून जपून आनली. तिला पोचती करा. आन् आमची चिठ्ठी तिच्याकडं गेली असंल, तेवढी मिळती का बघा.”

माउलीहो, सात महिने त्या बाईंनी परक्याचे म्हणून ते पत्र जपले. आमची काहीतरी चूक असेल असा संशयही त्यांच्या मनाला शिवला नाही. मायन्यात नुसते ‘आदरणीय भगिनी’ होते. बाकी नाव नाही, गाव नाही, मेख नाही, दोरी नाही. ते पत्र कोणाचेही असू शकले असते, म्हणून ते त्यांचे नव्हते. पलीकडे कोठेतरी आपली खरी चिठ्ठी पडली आहे, अशी त्यांना आशा होती. आणि तशी चिठ्ठी तर जगात नव्हतीच!

पुढे काय झाले ते शेवटी सांगू. आधी विचार करू की चूक नेमकी कोणाची. यंत्राची म्हणावी, तर ते न्यायाचे नाही. आम्ही ‘वारकरी’ एवढेच सांगितले. वारकरी म्हटला की तो अभंग म्हणणार, हा त्याचा हिशेब. आणि सर्वसाधारणपणे तो बरोबरच आहे. टाळांच्या दोऱ्या आम्हांला ठाऊक होत्या, यंत्राला नव्हत्या. जे एकट्या आमच्यापाशी होते, ते आम्ही दिले नाही. आणि जे कोणापाशीही मिळते, ते सहीनिशी पाठविले. भाषा सुधारली, पण मजकूर खरा आहे की नाही हे पाहिले नाही. दोष आमचा.

येथे कोणी शंका घेईल. महाराज, दुसऱ्याच्या हाताने लिहिणे हे काय आजचे आहे? आमच्या आजीला अक्षर येत नव्हते. ती शाळेतल्या मास्तरांकडून नाहीतर पोस्टमनकडून पत्र लिहून घेई. मग तेही खोटे काय?

नाही, मुळीच नाही. आपल्या संप्रदायाचा पायाच अशा एका लेखकाच्या हाताने लिहिला गेला आहे. शके १२१२ मध्ये नेवाशास माउलींनी गीतेवर भाष्य सांगितले, आणि सच्चिदानंदबाबांनी ते उतरून घेतले. बोल माउलींचा, हात बाबांचा. तुकोबारायांचे अभंग उतरून ठेवणारे संताजी जगनाडे आणि गंगाराम मवाळ यांची नावे आपण आजही आदराने घेतो. बोलणारा हजर असेल तर लिहिणाऱ्या हाताने कमीपणा येत नाही. आजी मास्तरांना सांगे, “लिवा, म्हशीनं लाथ मारली, पर बोट बरं हाय आता.” मास्तर तेच लिहीत. फार तर बोटाला ‘अंगुली’ म्हणत, एवढेच!

म्हणून ज्याचा हात थरथरतो, ज्याची दृष्टी गेली आहे, ज्याला लिहिता येत नाही, त्याने मोबाईलपुढे आपल्या बोलीत बोलावे आणि यंत्राने ते लिहून द्यावे, यात दोष तर नाहीच, उलट सोय आहे. अमेरिकेत वाढलेल्या नातवाला मराठी वाचता येत नाही आणि इकडे आजीला इंग्रजी येत नाही. यंत्राने मध्ये बसून एकीचे दुसऱ्याला सांगितले, तर त्याला आम्ही सच्चिदानंदबाबांच्या पंगतीला बसवणार नाही, पण दुभाष्या म्हणून नमस्कार जरूर करू. तेथे आजी हजर आहे. सच्चिदानंदबाबा हजर आणि माउली मात्र नाहीत, अशी ज्ञानेश्वरी कधी झाली नाही.

दुसरी शंका. लिहितो मीच, पण चुका फार होतात. यंत्राकडून तपासून घेतले तर?

याला नाथमहाराजांचे उदाहरण घ्या. तीनशे वर्षांच्या नकलांत ज्ञानेश्वरीत पाठभेद शिरले होते. शके १५०६ मध्ये एकनाथमहाराजांनी तो ग्रंथ शुद्ध केला. नाथ स्वतः केवढे कवी! मनात आणते तर चार ओव्या आपल्या घालून देते. तसे न करता, या ग्रंथात कोणी आपली ओवी मिसळू नये, अशी ताकीदच त्यांनी शेवटी लिहून ठेवली. शुद्धीकरण म्हणजे दुसऱ्याचे बोलणे त्याचे त्याला परत स्वच्छ करून देणे. यंत्राने तुमचे ऱ्हस्वदीर्घ सुधारले, लांबलेले वाक्य तोडून दिले, तर बिघडत नाही. पण त्याची ओवी तुमच्या पत्रात आली की नाही, ही पारख तुम्ही ठेवली पाहिजे. आमच्या पत्रात ‘गोड गळा’ ही अशीच घुसलेली ओवी होती.

तिसरी शंका जाणत्यांची. पूर्वी तारखात्यातही ठराविक मजकूर मिळे. शुभेच्छांच्या वाक्यांना क्रमांक असत. लग्नाची तार करावयाची तर क्रमांक सांगावा, पलीकडे छापील वाक्य मिळे. २०१३ सालच्या जुलैत तारेची ती सेवा बंद झाली, पण तोवर लाखो लोकांनी तशा तारा केल्या. ते चालले, मग हे का चालू नये?

प्रश्न चांगला आहे. तार मिळाली की घेणाऱ्याला ठाऊक असे, हे वाक्य तारखात्याचे आहे. पाठविणाराचे काय? तर त्याने आठवण ठेवली, पोस्टापर्यंत चालत गेला, पैसे मोजले, हे त्याचे. कोणी कोणाला फसवीत नव्हते. तार म्हणजे ‘सा. न. वि.’ एवढेच, आणि तेवढेच म्हणून ती घेतली जाई. यंत्राच्या पत्राचे निराळे आहे. ते सारे ‘सा. न. वि.’ असून ‘विशेषा’चे सोंग घेते. तीन पाने जिव्हाळा, आणि आत माणूस नाही. सोंगाला आपण भारुडात मान देतो, कारण तेथे सोंग आहे हे सर्वांना माहीत असते.

तुकोबांच्या काळी सालोमालो म्हणून होते. तुकोबांचे अभंग घ्यावयाचे आणि आपल्या नावाची मुद्रा घालून लोकांत म्हणावयाचे, असा त्यांचा उद्योग. तुकोबांनी त्यांचा समाचार आपल्या अभंगांतूनच घेतला आहे. नाममुद्रा म्हणजे काय, हे वारकऱ्याला शिकवायला नको. शेवटच्या चरणात नाव घालणे ही शोभा नव्हे. हे बोलणे माझे, याचा जाब मला विचारा, असे ते सांगणे आहे. आणि आमच्या संतांचा मोठेपणा असा की, ज्याचे ऋण आहे त्याचेही नाव तेथेच सांगतात. नाथांच्या मुद्रेत जनार्दनस्वामी येतात. जनाबाई स्वतःला नामदेवांची दासी म्हणवितात. पत्राखालची सही ही गृहस्थाची नाममुद्राच आहे. आम्ही त्या छापील पत्राखाली सही केली, तेव्हा घटकाभर सालोमालोच झालो होतो.

मग कोणी म्हणेल, यंत्राची मदत घेतली असे खाली प्रामाणिकपणे लिहिले म्हणजे झाले! पुष्कळ कामांत तेवढे पुरेही. पण दुःखात पुरत नाही. २०२३ सालच्या फेब्रुवारीत अमेरिकेत मिशिगन स्टेट विद्यापीठात गोळीबार होऊन तीन विद्यार्थी मारले गेले. दुसऱ्या राज्यातल्या व्हँडरबिल्ट विद्यापीठाच्या पीबॉडी कॉलेजातील एका कार्यालयाने आपल्या विद्यार्थ्यांना धीर देणारे पत्र पाठविले. आपण एकमेकांना धरून राहू, काळजी घेऊ, असा त्यातला भाव. आणि तळाशी लहान अक्षरांत नोंद होती की, हा मजकूर चॅट-जीपीटीच्या आधाराने केला आहे. त्यांनी लपविले नाही. तरी विद्यार्थी दुखावले, आणि कार्यालयातल्यांना क्षमा मागावी लागली. एकमेकांना धरून राहण्याची गोष्ट यंत्राकडून लिहवून घ्यावी, हे त्या पोरांना सोसले नाही. पोरे परक्या देशाची, भाषा परकी, पण दुःख आमच्या लोणंदच्या बाईंचेच. आमच्यासाठी तुम्ही घटकाभर थांबला होता काय, एवढेच दुःखी माणूस विचारीत असतो.

आता सर्वांत खरी शंका. ती पुष्कळांच्या मनात असते, पण बोलण्याची लाज वाटते. महाराज, मला शब्दच सुचत नाहीत. भावाशी दहा वर्षांचा अबोला आहे. क्षमा मागावीशी वाटते, पण कागद घेतला की कोराच राहतो. अशा वेळी यंत्राने दोन चांगली वाक्ये दिली तर पाप काय?

या माउलीला आम्ही चांगदेवांची गोष्ट सांगू. ती आपण शंभर वेळा ऐकली आहे; आता पत्र म्हणून ऐका. चौदाशे वर्षांचा योगी, विद्येला पार नाही. ज्ञानोबांना पत्र लिहावयास बसला आणि मायन्यालाच अडला. वयाने लहान म्हणून ‘चिरंजीव’ लिहावे, तर अधिकार मोठा. अधिकाराने ‘तीर्थरूप’ लिहावे, तर वय लहान. काही सुचेना, तेव्हा कोराच कागद पाठविला. मुक्ताबाईंनी पाहून चेष्टा केली, की इतकी वर्षे जगून कोरेच राहिले! पण पुढे पाहा. निवृत्तिनाथांनी तो कागद टाकून दिला नाही. याला उत्तर लिही, अशी ज्ञानोबांना आज्ञा केली. आणि त्या कोऱ्या कागदाच्या उत्तरी पासष्ट ओव्या आल्या. तीच आपली चांगदेवपासष्टी.

चांगदेवांच्या पदरी शिष्य थोडे होते काय? कोणाही पंडिताला सांगते, तर अलंकारांनी मढविलेला मायना मिळता. तसा तो मिळाला असता, तर ज्ञानोबांनीही रीतीचे उत्तर धाडले असते आणि दोघे जेथल्या तेथे राहिले असते. कोरा कागद खरा होता. मला कळत नाही, असे त्यावर न लिहिता लिहिले होते. म्हणून तो पोचला.

तेव्हा ज्याला शब्द सुचत नाहीत, त्याने तेच लिहावे. “दादा, काय लिहावं कळत नाही. आईच्या वर्षश्राद्धाला आलो नाही, ते चुकलं.” एवढे दीड वाक्य पुष्कळ झाले. क्षमेची किंमत शब्दांच्या गोडीत नाही. ते बोलताना माणसाला जी लाज सोसावी लागते, तिच्यात आहे. ती लाज यंत्र आपल्या वतीने सोसू शकत नाही. म्हणून त्याने लिहिलेली क्षमा कितीही गोड असली, तरी मागणारा मागे कोठेतरी लपलेला राहतो.

यंत्राचा उपयोग येथेही नाही असे नव्हे. रागात लिहिलेला मजकूर त्याला दाखवावा आणि विचारावे, यातला कोणता शब्द माझ्या भावाला लागेल? शेजारचा शहाणा माणूस सांगेल तसे ते सांगते, आणि पुष्कळदा बरोबर सांगते. तो शब्द तुम्ही काढा आणि त्या जागी तुमचाच दुसरा घाला. मात्र एवढे ध्यानात ठेवावे की, यंत्राशी जे बोलतो ते आपल्या घरात राहत नाही. दूर कोठल्या कंपनीच्या संगणकावर जाते. आपले दुखणे आपण सांगू, पण भावजयीचे, सुनेचे, शेजाऱ्याचे गुपित तेथे नावानिशी सांगण्याचा आपल्याला अधिकार नाही.

आता तात्पर्य. विठोबाला आपण काय पाठवितो? आरती ठरलेली, काकडा ठरलेला, हरिपाठ ठरलेला. लाखो लोक एकच अभंग म्हणतात आणि त्यात कोणाला कमीपणा वाटत नाही. कोणी म्हणेल, मग येथे तुम्ही दुसऱ्याचेच शब्द म्हणता की! होय, म्हणतो, पण ते संतांचे आहेत असे सांगून म्हणतो, मुद्रा त्यांचीच ठेवतो. शिवाय चालतो आपल्या पायांनी. कोणाची वारी कोणी दुसऱ्याकडून चालवून घेतली आणि आपल्या पायाला फोड आले, असे कधी ऐकले आहे काय? शब्द सर्वांचे असोत, पाय आपले पाहिजेत. पत्रात पायांचे काम ‘विशेष’ करतो.

म्हणून यंत्राच्या मदतीने काही लिहिलेच, तर पाठविण्यापूर्वी तीन प्रश्न आपल्या मनाला विचारावेत. पहिला: यात असे काही आहे काय, जे मला आणि या माणसालाच ठाऊक आहे? दुसरा: त्याच्यासमोर बसून हे वाक्य मला तोंडाने म्हणवेल काय? जे तोंडाने म्हणताना आपल्यालाच हसू येईल, ते कागदावर तरी कशाला? तिसरा: हे तुम्ही कसे लिहिले, असे त्याने विचारले, तर खरे सांगताना मान खाली घालावी लागेल काय? लाईटचे बिल, सोसायटीचा अर्ज, मंडपवाल्याला निरोप, यांना हे प्रश्न विचारत बसू नये; ती कामे यंत्राने खुशाल करावी. पण जन्म, मरण, लग्न, आजार, क्षमा आणि उपकार या सहा ठिकाणी तिन्ही प्रश्न विचारल्यावाचून बोट पुढे सरकू देऊ नये.

असो. आता लोणंदची गोष्ट पुरी करतो.

त्या बाई चिठ्ठी पुढे धरून उभ्या होत्या. क्षणभर मनात आले की म्हणावे, हो, अदलाबदल झाली खरी, शोधून पाठवतो. तेवढ्याने सुटलो असतो. पण खांद्यावर पताका आणि गळ्यात तुळशीची माळ. आम्ही म्हणालो, “माय, ही चिठ्ठी चुकून आली नाही. तुमच्याच नावाने पाठविली होती. पण ती आम्ही लिहिली नव्हती, यंत्राकडून लिहवून घेतली होती. वाचून पाहण्याइतकाही जीव आम्ही त्यात घातला नाही. आमचे चुकले.”

बाई काही वेळ गप्प राहिल्या. त्यांना राग आला असता, तर बरे वाटले असते. मग हळूच म्हणाल्या, “म्हंजी आमची चिठ्ठी अजून लिवायचीच हाय म्हना.”

त्या रात्री राहुटीत कंदील नव्हता, बॅटरीचा दिवा होता. कागद घेऊन बसलो. तास गेला, कोराच. इतकी वर्षे लोकांपुढे बोलतो, पण त्या कागदाने आमचा चांगदेव केला. शेवटी उशाशी ठेवलेले टाळ हाती लागले, आणि चार ओळी झाल्या. त्यात एवढेच होते की, आमच्या टाळांची दोरी अजून त्यांच्याच हातची आहे. गाठ त्यांनी आतल्या बाजूला घेतली आहे, म्हणून बोटाला काचत नाही. आणि गेल्या कार्तिकीपासून ती बदलण्याचे आमच्या जिवावर आले आहे.

पहाटे दिंडी निघण्याच्या गडबडीत ती चिठ्ठी त्यांच्या हाती दिली. अक्षर वाकडे, दोन ठिकाणी खोडलेले. बाईंनी सावकाश वाचली, घडी केली, हरिपाठात ठेवली आणि म्हणाल्या, “गाठ आतूनच घ्यायचे ते.” बस. पुढे तरडगावापर्यंत आमच्या मागच्याच रांगेत चालत होत्या.

छापील पत्र आम्ही त्यांच्याकडून मागून घेतले. ते आमच्या ज्ञानेश्वरीत खूण म्हणून घातले आहे. रोज पोथी उघडली की आधी त्याचे दर्शन होते, मग माउलींचे.

वाचक माउलीहो, येत्या एकादशीला उपवास तर कराच. त्याच दिवशी एक पत्र लिहा; ज्याला लिहावयाचे राहून गेले आहे, त्याला. शब्द सुचले नाहीत तर दोनच लिहा. ‘सा. न. वि.’ कोणाचेही घ्या. पुढचा एक ‘वि.’ तेवढा आपल्या घरचा असू द्या.

रामकृष्णहरि.